दोन हातांचं मीठ

सोमवार, २८ एप्रिल

बारके,

हे पत्र मधल्याच्या हातून पाठवतेय. पोस्टानं पाठवलं तर माझं अक्षर पाहून तू न फोडताच फडताळात टाकशील, आणि माझा फोन तर तू उचलत नाहीसच. सहा वर्षांत एवढं मला कळलंय. मधला मात्र दाराशी उभा राहील. त्याचा थंड डब्याचा ट्रक दर गुरुवारी तुझ्या गावावरून जातो आणि चहा पाजल्याशिवाय तू त्याला सोडत नाहीस. मी कधी विचारलं नाही, पण आपल्या भावाच्या पोटात काही राहत नाही.

कशी आहेस? कापडं बेतून बेतून मान दुखते का अजून? मी दमलेय. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुठे वैतागल्यासारखं लिहिलं गेलं तर ते तुझ्यावर घेऊ नकोस. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आम्ही सहा जणी होतो, आता चौघीच आहोत, आणि जेवणारे मात्र तेवढेच, तीनशेवीस. सकाळी सहाला तराजूपाशी उभी राहते ती तीनला सुटते. एकाला मीठ नको, दुसऱ्याला तेल नको, तिसऱ्याला दोन्ही नको आणि वर चव पाहिजे. संध्याकाळी गुडघे माझे राहत नाहीत. आमचे हे म्हणतात, रजा घे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला वेळ म्हणजे सुटा भाग वाटतो, काढला आणि बशीत ठेवला.

मुद्द्यावर येते. अठरा तारखेच्या रविवारी नेहमीसारखे सगळे जमणार आहेत. उन्हाळ्याची सुट्टी, चार घटका आराम, आणि घरचं जेवण. आराम बाकीच्यांचा. मी शुक्रवारपासून कांदे सोलायला बसणार. बावीस माणसं आहेत. मागच्या अंगणात दोन टेबलं आणि मधे कोठीचं जुनं दार विटांवर आडवं टाकायचं, ते तसंच चालू आहे. दाराची कडी अजून तशीच आहे आणि अजून कुणाची तरी बाही तिच्यात अडकते.

जेवणही तेच. आईच्या माहेरचा आंबट मासा, बाबांकडची भरलेली वांगी, शेवटी दुधातला भात आणि मधोमध मोठं पातेलं, मटणाचा आणि पांढऱ्या घेवड्याचा तो रस्सा. पाच तास मंद आचेवर. ढवळताना खांदा भरून येतो. पूर्वी नाही यायचा, किंवा तेव्हा लक्ष नसेल.

परवा कामावर आलेल्या नव्या बाईंना सहज सांगत होते की आमच्या घरी स्वयंपाक कुणीही करो, मीठ एकाच हाताचं. आईचा नियम. आणि तो हात शेंडेफळाचा. सहा वर्षांची असल्यापासून स्टुलावर चढून घालायची, चाखायची नाही, वाफेवर नाक धरायची आणि मूठ सोडायची. त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "आणि बरोबर पडायचं?" मी म्हटलं, चाळीस वर्षं पडलं. त्या म्हणाल्या, "मग आता?" मी म्हटलं, कांदे बघा, करपतायत.

आई म्हणते, या वर्षी बारकीला बोलाव. म्हणून लिहिते आहे. तिला यंदा ब्याऐंशी लागलं. जेवते, हिंडते, मला बोलते, सगळं ठीक आहे. पण बोलाव म्हणाली.

त्या दिवसाचं काही लिहीत नाही. एक जेवण बिघडलं, एवढंच झालं. घरोघरी मातीच्या चुली. सहा वर्षांनी शिळ्या कढीला ऊत कशाला आणायचा? ये म्हणजे झालं.

ताई


शनिवार, ३ मे

बारके,

मधला काल आला. मी त्याला ट्रकमधून धड उतरूही दिलं नाही. "पत्र दिलंस?"

"दिलं."

"वाचलं?"

"वाचलं. घडी घालून डब्याखाली ठेवलं."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, अंडी खातोस का."

मग तो गप्प बसला. आपला मधला गप्प बसला की समजावं, पोटात काहीतरी आहे आणि ते पाच मिनिटांत बाहेर येणार. चारच मिनिटांत आलं. म्हणाला, "ताई, ती चमच्यानं मोजून मीठ घालते गं. लहान चमचा, वरून सुरीनं सपाट करून. दोन अंड्यांना. मी म्हटलं, हे काय? तर म्हणाली, मला अंदाज राहिला नाही आता."

बारके, हे मला माहीत नव्हतं.

मला वाटायचं तू रागावली आहेस. राग मला कळतो. राग असला की माणूस भांडी आपटतो, दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडतो आणि जेवतो. तू रागावून तिकडे मस्त चमचमीत करून खात असशील, असं मी सहा वर्षं धरून चालले होते. त्यानं मला बरं वाटायचं. तू अंडी मोजून करतेस हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, एक जेवण बिघडलं, एवढंच. ते एवढंच नव्हतं. तुलाही ठाऊक आहे आणि मलाही, मग मी कुणासाठी लिहिलं कोण जाणे. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय जुनीच.

त्या वर्षी तुझा नवरा घर सोडून जाऊन तीन महिने झाले होते. तू पहिल्यांदाच एकटी येणार होतीस. अकराची बस चुकली म्हणून पाऊणला पोचलीस, घामानं भिजलेली. पिशवी खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि तडक पातेल्याकडे गेलीस. मग दीडला सगळे दाराच्या टेबलाशी बसले आणि पहिल्याच घासाला रस्सा असा खारट लागला की मधल्यानं तोंडातला घास हातात घेतला. कुणीतरी हसलं. आणि आपली आत्या, तिचं तर उचलली जीभ लावली टाळ्याला, ती म्हणाली, "घर मोडलं तशी पोरीच्या हाताची चवही गेली."

तू आत्याकडे पाहिलं नाहीस. माझ्याकडे पाहिलंस.

मी उठले आणि भांडी उचलायला लागले. अजून कुणी धड जेवलंही नव्हतं, उचलण्यासारखं काही नव्हतं, तरी मी उचलत होते. परत आले तेव्हा तुझी खुर्ची रिकामी होती आणि आमचे हे फाटकाशी उभे होते. म्हणाले, दोनची बस धरली तिनं.

मी तेव्हा तुझ्या बाजूनं एक शब्द बोलायला हवा होता. बोलले नाही. आज हे कबूल करते.

आज इतकंच लिहू शकते. ओटा आवरायचा आहे, आणि उद्या पुन्हा सहाला जायचं आहे.

ताई


मंगळवार, १३ मे

बारके,

गुरुवारी पत्र दिलं, तूही घेतलंस, पण आजही काही उत्तर नाही. मधला म्हणतो, घेतलं, वाचलं, डब्याखाली ठेवलं. त्या डब्याखाली आता दोन झाली. हे तिसरं ठेवायच्या आधी मात्र शेवटपर्यंत वाच.

मागच्या पत्रात मी जे कबूल केलं ते अर्धंच होतं. कबुलीसुद्धा हातचं राखून करणारी बाई मी. ते पत्र देऊन झाल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. कामावर दोनदा तराजूचा काटा चुकीचा वाचला. वॉर्डातून ट्रे परत आला. सतरा वर्षांत पहिल्यांदा. आमच्या मुकादमीणबाई म्हणाल्या, "ताई, बरं नाहीये का?" म्हटलं, झोप कमी पडतेय.

तर ऐक.

त्या दिवशी रश्शात मीठ मी घातलं होतं. तू यायच्या आधी.

साडेअकराला घातलं. मटण अर्धवट शिजलं होतं. अकराच्या बसला तू नव्हतीस, काही निरोपही नव्हता, आणि मला वाटलं तू येत नाहीस. लोक बघतील, विचारतील, म्हणून नाही येणार. बावीस माणसं दीडला बसणार आणि मीठ कोण घालणार? आईला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. बरणीत हात घातला.

आयुष्यात पहिल्यांदा, बारके. चाळीस वर्षं मी तुझ्यासाठी कांदे सोलले, मसाला वाटला, पाच पाच तास ढवळलं, आणि शेवटी तू यायचीस, मूठ सोडायचीस, आणि सगळे म्हणायचे, "काय चव आहे बारकीच्या हाताला!" राबायचं मी आणि नाव तुझं. कामावर तराजू. घरी तू. माझ्या हाताला अंदाज आहे की नाही हे बघायची वेळच माझ्यावर कधी आली नव्हती. त्या दिवशी घातलं, ढवळलं, झाकण ठेवलं, अर्ध्या तासानं पळीत घेऊन चाखलं. बरोबर होतं. अगदी बरोबर. मी स्वयंपाकघरात एकटी उभी राहून हसले. आई अंगणात होती, तिला जाऊन सांगावंसं वाटलं, पण म्हटलं नको, जेवताना कळू दे सगळ्यांना.

आणि मग पाऊणला तू आलीस. हात धुतलेस. वाफेवर नाक धरलंस. खरं म्हणजे तुला वासावरूनच कळायला हवं होतं, पण तुझं नाक त्या दिवशी रडून रडून बंद होतं. ते मला दिसत होतं. डोळे सुजलेले होते. तुझा हात बरणीत गेला तेव्हा मी तुझ्यापासून दोन हातांवर वांगी लावत होते.

"थांब, घातलंय." दोनच शब्द होते.

मी मूग गिळून बसले. ते अनवधानानं झालं असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आले, पण तसं नव्हतं. तुझी मूठ बरणीतून निघून पातेल्यावर येईपर्यंत मला भरपूर वेळ होता. मला राग आला होता. तू विचारलंसही नाहीस, ताई, कुणी घातलंय का? ताईनं घातलं असेल हे तुझ्या मनातही आलं नाही. मला वाटलं, घाल. घाल म्हणजे कळेल. काय कळेल, कुणाला कळेल, एवढा पुढचा विचार नव्हता. मग तुझी मूठ सुटली आणि झालं.

नंतर आत्या बोलली आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं असेल, ताई काही बोलत नाही म्हणजे तिलाही तसंच वाटतं. मी बोलत नव्हते कारण बोलले असते तर हे सगळं बोलावं लागलं असतं.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही. त्या दिवशी तू घातलंस ते नेहमीइतकंच होतं. तुझा अंदाज गेला नव्हता. मी त्यात आधी घालून ठेवलं होतं. तुझा नवरा गेला आणि तीनच महिन्यांनी मी तुझ्याकडून हेही काढून घेतलं, आणि तू सहा वर्षं चमचा सपाट करत बसलीस.

गंमत बघ. त्या वर्षापासून दर उन्हाळ्यात मी रश्शात मीठ तोलून घालते. कामावरचा जुना तराजू घरी आणलाय. सगळे म्हणतात, बरा झालाय. आई म्हणते, ठीक आहे. आपण दोघी बहिणी दोन गावांत बसून मीठ मोजतोय, आणि मधला दोन्हीकडे जेवून गप्प.

मी क्षमा मागते, बारके. याहून मोठा शब्द मला येत नाही.

आता रविवारचं. या वर्षी मी रश्शात मीठ घालणार नाही. तराजू माळ्यावर टाकलाय. तू आलीस तर तू घालशील. नाही आलीस तर रस्सा अळणी वाढीन आणि का ते सगळ्यांसमोर सांगीन, आत्यासमोरसुद्धा. अकराची बस आहे आणि साडेबाराची आहे. आली नाहीस तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. मला तू यायला हवी आहेस.

ताई


सोमवार, १९ मे

बारके,

तू आली नाहीस.

अकराच्या बसला ह्यांना पाठवलं होतं, साडेबाराच्या बसला मी स्वतः गेले. एप्रन तसाच, हाताला वांग्याचा मसाला. दोन जोडपी उतरली आणि एक माणूस शिलाई मशीन घेऊन. मशीन बघून मला उगाच वाटलं तुझाच कुणी असेल. तो भलतीकडेच गेला.

घरी येऊन पाचही मिनिटं बसले नाही, कारण बसले असते तर उठले नसते. वाढायला घेतलं. ऊन चांगलं होतं, झाडाची सावली बरोबर दाराच्या टेबलावर पडली होती, सगळे ऐसपैस बसले होते, चपला काढून, गप्पा मारत. सुट्टीचा दिवस खरोखर छान होता. मला त्यांच्या आनंदावर विरजण घालायचं जिवावर आलं. तरी पळी पातेल्यावर आपटली आणि म्हटलं, रस्सा अळणी आहे, मुद्दाम आहे, आणि मला काही सांगायचं आहे.

मी नीट सांगेन असं वाटलं होतं. पाठ केलं होतं कांदे सोलताना. ऐन वेळी सगळं उलटसुलट आलं, आधी बरणी, मग बस, मग तुझं नाक, मग पुन्हा बरणी. मधल्यानं मधेच विचारलं, "म्हणजे मी तोंडातला घास काढला तो तुझा?" म्हटलं, अर्धा माझा. कुणी हसलं नाही. आत्या म्हणाली, "मला काय माहीत! मला जसं लागलं तसं मी बोलले." मग बराच वेळ वांग्याचं देठ चोखत बसली. त्या देठात काही राहिलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "तिचा पत्ता दे मला." दिलाय. पत्र आलं तर फाडू नकोस, तिला लिहायला चष्मा आणि अर्धा दिवस लागतो.

मग बरणी फिरवली. आपल्या घरात पहिल्यांदा जो तो आपल्या ताटात आपलं मीठ घालत होता, आणि काय सांगू, एकालाही येत नाही. कुणाचं खारट, कुणाचं फिकं. आमच्या ह्यांनी तर चिमूट अशी तोलून धरली होती की जणू घड्याळात तेल सोडतायत. आत्यानं इतकं घातलं की तिला दोनदा पाणी आणून दिलं. ते तिनं मुकाट्यानं खाल्लं.

आईनं घातलंच नाही. बरणी तिच्यापाशी आली तशी तिनं पुढे सरकवली आणि अळणी ताट शेवटपर्यंत संपवलं. सगळे गेल्यावर मी भांड्यांच्या ढिगाशी बसले होते, ती आली आणि स्टुलावर बसली. मी म्हटलं, आई, तूही बोल मला, तुझंच राहिलंय.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."

मी विचारलं, काय?

"दोन हातांचं मीठ होतं ते. एक मटणात मुरलेलं, आणि एक नुसतं वरच्या रश्शात. बारकीनं एकटीनं जास्त घातलं असतं तर मटणाचा तुकडा आतून बरोबर कसा लागला असता?"

सहा वर्षं, बारके! मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तेव्हाच का नाही बोललीस?

म्हणाली, "एक तर उठून गेलीच होती. तुलाही तोंडघशी पाडलं असतं तर तूही गेली असतीस. मग मला जेवायला कुणी घातलं असतं?" आणि थोड्या वेळानं म्हणाली, "चूक झाली माझी. मला वाटलं तू आज सांगशील, उद्या सांगशील. तू भारी दमाची निघालीस."

मला हसू आलं आणि रडूही आलं आणि दोन्हीसाठी अंगात त्राण नव्हतं. तिनं टॉवेल घेतला आणि ताटं पुसायला लागली. तिला पुसू दिली.

तर आता हा डबा. मधल्याच्या ट्रकमधे बर्फासारखा गोठून येईल. त्यात कालचा रस्सा आहे, मीठ अजिबात घातलेलं नाही. आईचा हुकूम असा आहे. गरम कर, चांगली वाफ येऊ दे, आणि मीठ घाल. चमचा घ्यायचा नाही. अर्धा तू खा, अर्धा मधल्याबरोबर परत पाठव. आई म्हणते, तोवर मी अळणीच जेवणार. मी म्हटलं, अगं या वयात हट्ट कसला? म्हणाली, तुझ्या हॉस्पिटलात जेवतात ना अळणी, मेलं का कुणी?

मी तिच्याशी वाद घालत नाही. तुझ्याशीही घालणार नाही. डबा तसाच परत पाठवलास तरी काही म्हणणार नाही. माझ्याकडून जेवढं सांगायचं होतं तेवढं झालं. आज रजा घेतली आहे. हे पत्र लिहून झालं की पाय वर करून पडणार आहे.

ताई


शनिवार, २४ मे

बारके,

डबा आला.

मधला म्हणाला, तू गॅसपाशी खूप वेळ उभी होतीस. तो चहा संपवून, बाहेर जाऊन, टायर बघून परत आला तरी तू झाकण हातात धरून वाफेवर वाकलेली होतीस. म्हणाला, "मी काही बोललो नाही, ताई, शपथ." आणि म्हणाला, चमचा ओट्यावर होता, तो तू उचलून खणात टाकलास, मग बरणीत हात घातलास. चिठ्ठी वगैरे काही नाही का, मी विचारलं. म्हणाला, डबा आहे ना.

अर्धा भरलेला होता. मी गरम केला. आईला बाहेर टेबलाशी बसवलं, तिच्यासमोर वाडगा ठेवला, आणि मी आपली ओट्याशी काहीतरी पुसत उभी राहिले. दारातून तिची पाठ दिसत होती. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. मग तिनं मला हाक मारली.

"बस इथं. खा."

मी खाल्लं. कमी होतं, बारके. खोटं लिहीत नाही, आता नाही लिहिणार. जरासं कमी होतं. तू मूठ उघडलीस पण पूर्ण सोडली नाहीस, ते कळत होतं. आई म्हणाली, "हात घाबरलाय तिचा." मग अजून एक घास खाऊन म्हणाली, "आणि एवढ्याशा डब्यात अंदाज येतो का कुणाला? त्याला मोठं पातेलं लागतं. तिला म्हणावं इथं येऊन घाल."

बरणी टेबलावरच होती, माझ्या उजव्या हाताशी. चिमूटभरानं काम झालं असतं. मला कळतही होतं किती ते.

मी हात लावला नाही. आम्ही दोघींनी तसंच खाल्लं, आणि वाडगे पुसून घेतले.

ताई